नागपुरात रिव्हॉल्व्हरचा परवाना: फाइल कुठे अडते, कुठे सरकते

‘लपवून बाळगायचा परवाना वेगळा काढावा लागतो का?’ गन हाऊसच्या काउंटरवर हा प्रश्न वरचेवर येतो, आणि विचारणाऱ्याचा मुलगा टेक्सासला असला तर हमखास येतो. वेगळा परवाना नाही. आपल्याकडे शस्त्र परवाना एकच, आणि २०१६च्या शस्त्र नियमांनी बाळगायची रीतही त्यातच घालून दिली आहे: सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच बनवलेल्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या हाताच्या ताब्यात असलं पाहिजे. तिकडे जी सवलत मागावी लागायची, ती इकडे अट आहे. टेक्सासात तर १ सप्टेंबर २०२१पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायच हँडगन बाळगता येते. त्यामुळे मुलाने व्हिडिओ कॉलवर दिलेले सल्ले इथे कवडीच्या कामाचे नाहीत. कमरेला उघडं लटकवून धरमपेठेत भाजी घ्यायला जाणाऱ्याचा परवाना जाऊ शकतो, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हे परीक्षण नागपुरातल्या शस्त्र परवान्याच्या सगळ्या प्रवासाचं आहे, ऑनलाइन अर्जापासून शस्त्र हातात येईपर्यंत आणि त्यानंतरही. एकच मत आधी सांगून टाकतो: या सेवेत अर्ज भरणं सोपं, कागद जमवणं कंटाळवाणं, आणि फाइलचं भवितव्य ठरतं ते एका पानावर. ते पान म्हणजे ‘मला शस्त्र का हवं’. ज्यांची फाइल पडते, त्यातल्या बहुतेकांनी तेच पान एजंटाकडून लिहून घेतलेलं असतं.

आधी हद्द. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी परवाना अधिकारी पोलीस आयुक्त, आणि बाकी जिल्ह्यासाठी जिल्हाधिकारी. दोन्ही कार्यालयं सिव्हिल लाइन्सलाच, म्हणून लोक गोंधळतात. त्यात शहराची पोलीस हद्द महापालिकेच्या हद्दीपेक्षा मोठी आहे. जुनी कामठी, नवीन कामठी, कोराडी, हिंगणा ही ठाणी शहर पोलिसांकडे येतात, तर बुटीबोरी ग्रामीणमध्ये. कामठीचा माणूस ‘आम्ही तालुक्याचे’ म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन जातो आणि परत येतो. बेलतरोडी, हुडकेश्वरसारख्या वाढत्या भागांत तर घर एका ठाण्याच्या हद्दीत आणि समोरचा रस्ता दुसऱ्याच्या, असंही होतं. ऑनलाइन अर्जात ठाणं निवडायचं असतं. ते चुकलं की फाइल भलत्याच ठाण्यात जाते, तिथून ‘अर्जदार आमच्या हद्दीत राहत नाही’ असा शेरा मारून परत येते, आणि महिना-दीड महिना पाण्यात. आधी घराजवळच्या ठाण्यात जाऊन ठाणे अंमलदाराला विचारून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

नागपूरकरांसाठी एक खास गोष्ट, जी एजंटांनाही ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम ३४ म्हणतं की अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. उमरेड-कऱ्हांडला, देवलापारकडचं मानसिंगदेव, बोर: या तिन्हींच्या आसपास शेती असलेल्या आणि गावातच राहणाऱ्यांच्या फाइलला हा आणखी एक टप्पा लागतो. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालयही नागपुरातच, वनभवनात, म्हणजे कागद सिव्हिल लाइन्सच्या बाहेर जात नाही. पण वेळ जातोच. अशा गावचा पत्ता असेल तर ही गोष्ट अर्जासोबतच्या पत्रात स्वतःहून लिहा, गावापासून अभयारण्याच्या हद्दीचं अंतर देऊन. उशिरा सुचलेला आक्षेप हा नेहमी जास्त वेळ खातो.

आता मुख्य पान.

शस्त्र कायदा, १९५९ चं कलम १३ वाचलं की सगळा खेळ कळतो. निदान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक (आपली एकनळी-दुनळी) स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, तर कायद्याची भाषा ‘परवाना द्यावा’ अशी आहे. पिकाच्या राखणीसाठी तोंडाने भरायची बंदूक मागितली तरी तसंच. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल या यादीत नाही. ते ‘इतर’मध्ये येतं, आणि तिथे परवाना अधिकाऱ्याचं ‘सबळ कारण आहे’ असं समाधान व्हावं लागतं. म्हणजे कारण सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. रात्री शेतावर रानडुकरं येतात म्हणून रिव्हॉल्व्हर मागणारा अर्ज तिथेच मरतो. रानडुकरासाठी रिव्हॉल्व्हर कोणी वापरत नाही, हे टेबलावरच्या बाबूलाही कळतं.

२०१६चे नियम सबळ कारणाच्या बाबतीत बरेच स्पष्ट आहेत. व्यवसाय, धंदा किंवा नोकरीच्या स्वरूपामुळे जीव वा मालमत्ता राखायची खरी गरज. किमान दोन वर्षं नेमबाजी क्लबचा सक्रिय सभासद असलेला खेळाडू. आणि सैन्य, केंद्रीय दलं किंवा पोलिसांत असलेला वा राहिलेला, ज्याला खरी गरज आहे असा माणूस. नागपुरातले बहुतेक अर्ज पहिल्या खान्यातले. इतवारीचा सराफ, कळमन्याचा अडत्या, पेट्रोल पंपवाला, बांधकामवाला.

‘माझा मोठा व्यवसाय असून रोख रकमेची ने-आण करावी लागते व समाजकंटकांपासून जिवाला धोका आहे.’ एजंटाने लिहिलेल्या दहापैकी नऊ अर्जांत हे वाक्य शब्दशः असतं. ते वाचणाऱ्याचा चेहराही हलत नाही. चालणारा मजकूर असा असतो: कळमन्यात मिरचीच्या हंगामात आठवड्यातून किती दिवस रोखीने हिशेब होतो, अंदाजे किती रक्कम, ती कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत, किती वाजता, कोण नेतो, रस्त्यात कुठला पट्टा सुनसान आहे, सीसीटीव्ही, सोबत माणूस, बँकेची रोख नेणारी गाडी यांपैकी काय वापरलं आणि ते का पुरत नाही. सोबत बँकेचं विवरणपत्र, जीएसटीची विवरणं, गुमास्ता, बाजार समितीचा परवाना. प्रत्येक दाव्याला एक कागद, आणि ज्याला कागद नाही तो दावा गाळून टाका.

धमकीचा मुद्दा असेल तर त्याहून कडक. ‘फोनवर धमकी आली होती, पण तक्रार केली नाही’ हे वाक्य म्हणजे स्वतःच्या हाताने नकार लिहिणं. एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) असेल तर तिचा क्रमांक, तारीख, ठाणं. गुन्हा दाखल असेल तर एफआयआरची प्रत. आणि परवान्यासाठी अर्ज करायच्या आठ दिवस आधी अचानक नोंदवलेली एनसी ही कोणालाही फसवत नाही. ठाण्याच्या अहवालात तारखा शेजारी-शेजारी बसतात.

एका गैरसमजाचा निकाल इथेच लावावा. आयकराची तीन वर्षांची विवरणं मागतात म्हणून लोकांना वाटतं की परवाना श्रीमंतांनाच मिळतो. कायद्याच्या कलम १४ मध्ये साफ लिहिलंय की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही. विवरणं बघतात ती धंदा खरा आहे का, हे पाहायला. वीस लाखांची रोख ने-आण लिहायची आणि विवरणपत्रात चार लाखांचं उत्पन्न दाखवायचं, तर परवाना बाजूलाच राहतो, आणखी दोन प्रश्न उभे होतात.

अर्ज राष्ट्रीय शस्त्र परवाना प्रणालीच्या पोर्टलवर भरायचा. नमुना ए-१. वय २१ पूर्ण हवं. मंजुरीनंतर प्रत्येक परवानाधारकाला एकच युनिक ओळख क्रमांक मिळतो. पूर्वी कुणाकडे दोन वेगवेगळे परवाने असतील तरी ते याच एका क्रमांकाखाली येतात. इथल्या नेहमीच्या चुका अगदी क्षुल्लक असतात. आधारवर ‘रामदासजी’ आणि पॅनवर ‘रामदास’. आपल्याकडे नावापुढचं ‘जी’ कागदोपत्री चिकटून बसतं, ते आधी सरळ करून घ्या. सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता यांत गोंधळ: यवतमाळचं गावचं घर कायमचा पत्ता म्हणून टाकलं की तिथल्या ठाण्याकडूनही अहवाल मागवला जाऊ शकतो. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे हवेत; निळ्या पार्श्वभूमीचे जुने फोटो देऊन परत फिरणारेही असतात. शस्त्राच्या रकान्यात नुसतं ‘पिस्टल’ लिहू नका. रिव्हॉल्व्हर हवं की पिस्तूल, आणि कोणत्या बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं), हे आधी ठरवा, कारण त्यावर पुढे किती अवलंबून आहे ते खाली येईलच. ऑनलाइन भरलं म्हणजे झालं असंही नाही. छापील अर्ज, सह्या आणि मूळ कागद घेऊन कार्यालयात जावं लागतं. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना एस-३. शारीरिक आणि मानसिक आरोग्य ठीक असल्याचं, आणि अर्जदार दारू वा अमली पदार्थांच्या आहारी नसल्याचं डॉक्टरांनी त्यात लिहून द्यायचं असतं. ओळखीच्या दवाखान्यातल्या लेटरहेडवर चार ओळी लिहून आणतात, ते चालत नाही. नमुनाच भरून हवा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून घेतलेल्या कागदावर शंका कमी येते, रांग मात्र जास्त. नैराश्यावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांपासून ते लपवू नका. खोटं लिहून घेतलेलं प्रमाणपत्र पुढे उघडं पडलं, तर ‘माहिती लपवली’ हे परवाना रद्द करायला स्वतंत्र कारण ठरतं.

प्रशिक्षणाचा कागद म्हणजे एस-१. सुरक्षित हाताळणी, गोळीबाराचं तंत्र, निगा, साठवण आणि वाहतूक, कायद्याची ओळख एवढं त्यात असतं. हा टप्पा लोक उरकून टाकतात आणि इथेच सगळ्यात जास्त शिकायचं असतं. शिकवणारा चांगला असेल तर पहिला तास एकही गोळी न झाडता जातो: शस्त्र हातात घेताच नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, चक्री (गोळ्या बसतात तो फिरता भाग) उघडून प्रत्येक घर डोळ्याने आणि मग करंगळीच्या टोकाने तपासणं. पुन्हा पुन्हा. दहाव्या वेळी कंटाळा येतो आणि तेवढ्यात कुणीतरी सहाव्या घरात डमी गोळी ठेवलेली असते. कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, हे पैसे भरायच्या आधी परवाना विभागातच विचारा.

पोलीस पडताळणीबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर ऐकू येते. नियमाने ठाण्याने ३० दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर परवाना अधिकाऱ्याने ६० दिवसांत निर्णय घ्यायचा. कायदा तर असंही म्हणतो की अहवाल मुदतीत आला नाही, तर अधिकाऱ्याला त्याची वाट न पाहता आदेश काढता येतो. प्रत्यक्षात कोणी तसं करत नाही, आणि खरं सांगायचं तर करू नये. ठाण्याचा माणूस घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, तुमचा जबाब घेतो, संगणकावर जुने गुन्हे बघतो. अहवाल ठाणेदाराच्या सहीने वरच्या अधिकाऱ्यांकडे चढत जातो. जबाबात तेच सांगा जे अर्जात लिहिलंय. अर्जात कळमन्याच्या रोकडीचं कारण आणि जबाबात ‘भावकीत जमिनीचा वाद आहे’ असं निघालं की संपलं. भावकीचा वाद हे नकाराचं अगदी पक्कं कारण आहे, कारण कलम १४ सार्वजनिक शांततेच्या नावाखाली नकार द्यायची मुभा देतं आणि भावकी-शस्त्र ही जोडी कोणत्याच अधिकाऱ्याला नको असते.

आणि चॅप्टर केस. शांतता राखण्याचं बंधपत्र, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम १०७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) १२६. गणपतीच्या वर्गणीवरून झालेल्या भांडणात दोन्ही बाजूंकडून बंधपत्र लिहून घेतलं, आणि हे आपण विसरूनही गेलो, असं असतं. बंधपत्राची मुदत चालू असेतो कलम ९ प्रमाणे शस्त्र बाळगायलाच मनाई आहे. मुदत संपली असेल तर तसं अर्जात सांगा आणि आदेशाची प्रत लावा. ‘कोणताही गुन्हा वा कारवाई नाही’ असं प्रतिज्ञापत्र देऊन मग चॅप्टर केस निघणं, हे मूळ चॅप्टर केसपेक्षा वाईट.

नकार आला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर ती सांगावी लागतात. ती मागून घ्याच. तोंडी ‘वरून नाही म्हणाले’ यावर अपील उभं राहत नाही. अपिलाची मुदत ३० दिवसांची. आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्याच्या गृह विभागाकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे. अपिलात पहिल्या अर्जात नसलेली नवी धमकी उगवली तर ती उलटीच पडते.

एजंटांचं काय? अर्ज टाइप करणं, झेरॉक्स लावणं, चलन भरणं एवढ्यापुरते ठीक. ‘आत माणूस आहे, करून देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा.

मिळालं तर पुढे. परवान्याची मुदत २०१९च्या दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षं झाली, आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं, पूर्वी तीन होती. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर, एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं, आणि परवाना कुठल्या प्रदेशात चालतो, हे छापलेलं असतं. प्रदेशाचा रकाना वाचल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन सौंसरला माल बघायला गेलात, किंवा जबलपूर रस्त्याने खवासा ओलांडलंत, तर तिकडे तुम्ही बिनापरवाना शस्त्र बाळगणारे आहात. नागपूरहून मध्य प्रदेशची हद्द तास-दोन तासांवर आहे आणि सवयीने लोक ती ओलांडतात.

बोअरची निवड सामान्य नागरिकापुरती सोपी आहे. ९ मिमी हा निषिद्ध बोअर. तो राज्य पातळीवर मिळत नाही, उगाच मागू नका. बहुतेकांसाठी उरतं .३२. पण .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल यांची काडतुसं वेगळी आहेत, आणि हे माहीत नसलेले परवानाधारक भरपूर आहेत. रिव्हॉल्व्हरला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, मागे रुंद काठ असलेलं लांब काडतूस. पिस्तुलाला .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी, आखूड. दुकानात नुसतं ‘बत्तीसची गोळी द्या’ म्हणू नका.

रिव्हॉल्व्हरमध्ये सरकारी कारखान्यांचा माल आता कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडखाली येतो. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ला विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, त्यातली ही एक. (आपल्या अंबाझरीच्या निर्माणीत रिव्हॉल्व्हर बनत नाही, फोन करून विचारणारे आहेत.) जुनं मॉडेल वेब्ली पद्धतीचं, मधून मोडून उघडणारं. २०१४चं निर्भीक त्याच घराण्यातलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास. २०२३च्या ऑगस्टमध्ये आलेलं प्रबल चक्री बाजूला उघडणारं आहे, ७६ मिमी नळी, रिकामं साधारण ७०० ग्रॅम. नवशिक्याला प्रबल द्यावं, असं आमचं स्पष्ट मत. निर्भीक हलकं, बाळगायला छान. पण हलकं शस्त्र झटका जास्त देतं, आणि झटक्याला घाबरलेला हात पुढच्या गोळीआधीच मनगट वाकवतो. दोनशे ग्रॅमची बचत सरावाच्या मैदानावर महागात पडते.

काउंटरवर बघायच्या गोष्टी, दुकानदाराच्या परवानगीने आणि शस्त्र रिकामं असल्याची दोघांनी खात्री करून: घोडा सावकाश मागे ओढताना चक्री प्रत्येक वेळी पूर्ण जागेवर बसून अडकते का, घोडा मागे असताना चक्री हाताने हलते का (किंचित चालेल, खडखड नको), नळीच्या आत उजेड धरून बघितल्यावर काळे डाग किंवा खड्डे आहेत का, चाप सहाही घरांना सारखाच ओढ घेतो का. मग बिलावरचा क्रमांक, शस्त्रावर कोरलेला क्रमांक आणि परवान्यावर चढलेला क्रमांक, तिन्ही बोट ठेवून वाचा. एका अंकाची चूक पुढच्या तपासणीत बेकायदा शस्त्राचा संशय होऊन उभी राहते. खरेदीनंतर शस्त्र परवाना विभागात दाखवून नोंद करून घ्यायची असते, ती राहून जाऊ देऊ नका.

होल्स्टरबद्दल दोन ओळी जास्त, कारण रस्त्यावरच्या कापडी पट्ट्यांनी अपघात होतात. चाप पूर्ण झाकणारं, कडक चामड्याचं किंवा साच्यातलं प्लास्टिक हवं. शस्त्र काढल्यावर तोंड मिटणारं मऊ होल्स्टर परत घालताना शर्टाचं टोक चापात अडकतं. पट्टा दीड इंचाचा, जाड; सातशे ग्रॅम बारीक पट्ट्यावर लटकलं की दुपारपर्यंत पँट एका बाजूला उतरते आणि झाकणं राहतं बाजूला. मे महिन्यात ४५ अंशांत पातळ सुती शर्टाखालून मूठ उठून दिसते. गडद, चौकडीचा, सैल शर्ट बाहेर काढून घातला की बरं. घाम मात्र चुकत नाही. घामातलं मीठ निळसर पॉलिशवर दोन दिवसांत गंजाची नक्षी काढतं, म्हणून उन्हाळ्यात रोज रात्री शस्त्र रिकामं करून कोरड्या कापडाने पुसायचं आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात बंद करू नका. चामडं ओल धरून ठेवतं. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये तर मुळीच नको, उन्हामुळेही आणि चोरीमुळेही.

कुठे न्यायचं नाही: जत्रा, धार्मिक मिरवणूक, कोणतीही जाहीर गर्दी आणि शाळा-कॉलेजचा परिसर. म्हणजे मारबतीला नाही, रामनवमीच्या शोभायात्रेला नाही, दीक्षाभूमीला नाही, आणि मुलीला शाळेत सोडायला गेलात तर फाटकाच्या आत नाही. पेंच, ताडोबाच्या सफारीला गाडीत ठेवून जाणं म्हणजे वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ ला आमंत्रण. सोनेगाव विमानतळावरून प्रवास असेल तर आधी विमान कंपनीला विचारून, रिकामं, चेक-इन सामानात, परवान्यासह. दारू पिणार असाल त्या संध्याकाळी घरी तिजोरीत. सावजीच्या टेबलावर कमरेचं शस्त्र चाचपणारा माणूस शेजारच्या टेबलाला लगेच कळतो. वरातीत हवेत गोळी झाडली तर २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामांना हे आधीच सांगून ठेवा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते. छाननी समिती यादी ठरवते. बँकेच्या सुरक्षारक्षकांसारख्यांना सूट असते. जमा करताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत घेताना तीच पावती लागते, आणि मधल्या काळात ठाण्यातल्या कोठीत तेल लावायला कोणी बसलेलं नसतं. पावसाळ्यात जमा झालं असेल तर घरी आणल्याबरोबर साफ करा.

घर बदललं, अगदी महालातून मनीषनगरला गेलात, तरी पत्त्याची नोंद बदलून घ्यावी लागते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी. मुदत संपल्यावर शस्त्र घरात राहिलं तर तो बिनापरवाना ताबा, आणि दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं. अर्ज रखडलाय असं दिसलं तर शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. वडिलांचं शस्त्र मुलाला हवं असेल तर वडील ७० वर्षांचे झाल्यावर, किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षं झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. अचानक वडील गेले, तर तेराव्यापर्यंत थांबायचं नाही. शस्त्र आधी जमा, मग मृत्यू दाखला आणि इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र घेऊन नव्याने अर्ज. आणि त्या अर्जालाही ‘का हवं’ हे पान लागतंच, वडिलांचं पान मुलाला चालत नाही.